पेलबाईंकडून विल्फकडे

— मिळेल हो, सगळं मिळेल. तिचा निळा गणवेश, गळ्यातला बिल्ला, कंपनीचा फोन, हातमोज्यांचं अर्धं खोकं, सगळं त्या पिशवीत भरून ठेवलंय. धुऊन, इस्त्री करून. इस्त्री मला येत नाही, बाहीवर चट्टा पडलाय, तो तिच्या पगारातून कापून घ्या. — नाही, गंमत नाही केली. बसा, लॉरेन मॅडम. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते. इकडं या. चहा टाकलाय, दूध जेमतेम आहे. तुम्ही पीटरबरोवरून एवढ्या लांब गाडी हाकत आलात, तर सहज विचारतो हं, या खेपेचे तुम्हाला मैलाला किती मिळतात? ऑफिसातल्या माणसांना? सांगा ना, त्यात काय लपवायचंय. — पंचेचाळीस पेन्स. पुरे पंचेचाळीस. बघा, मला वाटलंच. आणि माझ्या बहिणीला वीस. तुमचीच कंपनी, तोच रस्ता, तेच पेट्रोल, आणि जेमाला वीस.

सायकलचा भाव आहे तो, ठाऊक आहे का तुम्हाला? मलाही नव्हतं ठाऊक. सरकारनं ठरवून दिलंय. कामासाठी स्वतःची मोटार फिरवली तर मैलाला पंचेचाळीसपर्यंत खर्च धरायचा, मोटारसायकल असली तर चोवीस, आणि सायकल असली तर वीस. वीस! म्हणजे ती त्या लाल गाडीत पेट्रोल ओतत होती, टायर झिजवत होती, विमा भरत होती, आणि तुम्ही तिला पायडल मारल्याचे पैसे देत होता. — कायद्यात बसतं? बसतं, मला माहीत आहे बसतं. मी कुठं म्हणतोय तुम्ही चोर आहात. मी म्हणतोय, कंपनीनं कमी दिलं की उरलेल्या पंचवीसवर जो कर जातो तो माणसानं सरकारकडून परत मागायचा. मागितला तर मिळतो. नाही मागितला तर गेला. आणि मागतं कोण? तुमच्या त्या म्हाताऱ्यांना न्हाऊ-खाऊ घालणाऱ्या बायांपैकी एकीला तरी माहीत होतं? तिच्याबरोबर काम करणाऱ्या मँडीला कुणीतरी सांगितलं, मँडीनं पेट्रोल पंपावर जेमाला सांगितलं, जेमानं मला. आणि आम्ही दोघं असे येडे, आम्हाला वाटलं पंचवीसच्या पंचवीस मिळणार! मी त्या आनंदात दुकानातून मासे आणि चिप्स घेऊन आलो, मोठा मासा, वर लोणच्यातले कांदे, दहा पौंडांचं सगळं. खाताना तिनं फोनवर वाचलं — पंचवीस नाही, त्या पंचवीसवरचा कर. मैलाला पाच पेन्स. जेमा इतकी हसली, इतकी हसली, टेबलावर डोकं टेकवून हसली. म्हणाली, "काइल, हा मासा दोनशे मैलांचा झाला रे, नीट चावून खा."

हां. तर. काय म्हणत होतो मी.

तरी तिनं मागितले नाहीत. मी किती मागं लागलो. का नाही मागितले, सांगू? तिला वाटायचं, कर खात्याला लिहिलं की ते कंपनीला पत्र धाडणार, आणि कंपनी म्हणणार, हिला आमचे वीस पुरत नाहीत काय, बरं, हिच्या फेऱ्या कमी करा. असं नसतं हो! ते आपलं आणि कर खात्याचं असतं, कंपनीच्या कानावरही जात नाही. पण तिला पटायचं नाही. कसं पटेल? दर शुक्रवारी फोनवर पुढच्या आठवड्याची पाळी येते, येईल तेवढे तास, देतील ती घरं. मँडीनं आईच्या ऑपरेशनला तीन दिवस मागितले तर पुढचा महिनाभर तिला अर्धी घरं मिळाली. — नाही, तुम्ही दिली असं नाही म्हणालो. संगणकानं दिली. तुमच्याकडं वाईट ते सगळं संगणकच करतो. अशानं माणूस आपलं हक्काचंही चोरल्यासारखं मागायला लागतो, आणि जेमा तर मागायचीच नाही. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, तेव्हासुद्धा तिनं कुणाकडं काही मागितलं नाही. मला उचललं आणि इथं आणलं. "तुझी खोली मागची, खिडकी लागत नाही, टॉवेल कोंबायचा." झालं. एवढं बोलून आई झाली माझी.

चहा घ्या ना. गार होतोय.

आणि ते वीस तरी कशाचे देत होता? मैलांचे? कुठल्या मैलांचे? तुमचा तो संगणक या घरावरून त्या घरावर सरळ रेघ ओढतो, कावळा उडतो तशी. तिच्या रोजच्या म्हातारीकडून, पेलबाईंकडून, म्हाताऱ्या विल्फ टनर्डकडं — रेघ मारली तर दीड मैल. बरोबर आहे, खोटं नाही. पेलबाईंच्या मोरीपाशी उभं राहिलं की विल्फचं धुराडं दिसतं. पण मधे कालवा आहे, मॅडम! एवढा रुंद कालवा आहे, त्यात बोट चालते! पूल कुठाय? नाही, तुम्ही सांगा मला, नकाशा तुमच्या फोनमध्येही आहे, पूल कुठाय? — हां. पार वर, पंपघराशी. म्हणजे पेलबाईंच्या दारातून निघायचं, बांधावरच्या रस्त्यानं वर जायचं, पूल ओलांडायचा, पलीकडच्या बांधानं परत खाली यायचं, तेव्हा विल्फचं फाटक. सात मैल. दुसरी वाट नाही. माझ्या आजोबांच्या वेळेपासून नाही. तुम्ही दीडाचे पैसे दिलेत. उरलेले साडेपाच मैल माझी बहीण काय पंख लावून उडत होती?

आणि वेळ? वेळ तर त्याहून भारी. पेलबाई — बारापर्यंत. विल्फ — बारापासून. मधे काही नाही! एक मिनिट नाही! तुमच्या कागदावर ती एका घरात दार लावते आणि दुसऱ्या घरात दार उघडते, मधे जग नाहीच. तिकडं बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय. मग ती काय करायची? पेलबाईंचा पाय बांधताना घाई करायची. आणि मग घाई केली म्हणून गाडीत रडायची, आणि रडत रडत बांधावरून — तो रस्ता बघितलाय तुम्ही? आज आलात ना तिकडून? खालची माती खचून लाटा आल्यात त्याला, गाडी होडीसारखी हलते, आणि एका अंगाला नुसतं पाणी, कठडा नाही. जानेवारीत त्यावर बर्फाची काच असते. दिसतसुद्धा नाही.

त्या दिवशी बीट वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं पाण्यात गाडीचा लाल टप बघितला. तो उतरला हो पाण्यात. त्याचं नावही मला माहीत नाही, छातीभर बर्फाच्या पाण्यात उतरला, त्याला दार उघडेना. पलीकडं विल्फ खिडकीशी बसलेला. त्यानं बांधावर पोलिसांचे निळे दिवे फिरताना बघितले. त्याला वाटलं, कुणा बिचाऱ्याचं काहीतरी झालंय. आणि बसून राहिला — जेमा आली की तिला सांगू, म्हणून. त्याला कुणी कळवलं माहीत आहे? कुणी नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आली, तिनं सांगितलं. तोवर म्हातारा उपाशी.

नाही, रुमाल नको. मी रडत नाहीये. मला राग आलाय, राग आला की माझे डोळे असे होतात, शाळेतही व्हायचे, पोरं चिडवायची.

आता तुमचं पत्र. फुलांबरोबर आलेलं नाही, त्याच्या नंतरचं. मला वाचायला वेळ लागतो, मान्य आहे, शाळेतून मी कोरा बाहेर पडलो, पण ते मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. "आमच्या नोंदीनुसार घटनेच्या वेळी त्या कामावर नव्हत्या. त्या वैयक्तिक प्रवासात होत्या." वैयक्तिक! का, तर पेलबाईंकडची भेट कंपनीच्या फोनवर नोंदून बंद झाली होती आणि विल्फकडची उघडली नव्हती. पाण्यातून उघडणार होती ती? आणि वर काय, तर गाडी जिथं सापडली ती जागा "दोन घरांमधल्या मार्गावर येत नाही". कुठल्या मार्गावर? कावळ्याच्या! — वकिलानं लिहिलं? असेल वकिलानं लिहिलं. खाली सही कुणाची आहे? बघा ना, इकडं बघा, मी काय खातो का तुम्हाला. सही कुणाची आहे?

तुम्हाला वाटतं मी पैशांसाठी भांडतोय. नकोत मला तुमचे पैसे. ते वाक्य पेपरात छापून आलं, मॅडम. वैयक्तिक प्रवास. छोटं गाव आहे हे, इथं कोबीला कीड लागली तर चर्चमध्ये कळतं. चिप्सच्या दुकानात दोघी जणी — मी मागं उभा होतो हे त्यांना दिसलं नाही — एक म्हणते, "दुपारची कुठं चालली असेल गं ती बांधावर, एकटी?" दुसरी म्हणते, "एकटी कशाला, पंपघराशी कुणीतरी थांबलेला असेल." आणि हसल्या. जेमाला! जिला वर्षाकाठी एक नवा कोट घ्यायला वेळ मिळाला नाही, तिला पंपघराशी माणूस! कामावरही एक जण तेच बोलला, तिथं पट्ट्यावर, फ्लॉवर पाकिटात भरता भरता. मी क्रेट उचलून भिरकावलं. त्याला लागलं नाही, भिंतीला लागलं. पंधरा दिवस बिनपगारी घरी बसवलं मला. बसलो. परत केलं तर परत भिरकावीन. आणि पुढच्या गुरुवारी मृत्यूची चौकशी आहे, तिथं सगळ्यांसमोर तुमचं ते पत्र वाचणार, आणि मग ते तिच्या नावापुढं कायमचं लागणार. म्हणून तुम्हाला म्हणतो, एवढं एकच — मला माफी नको, काही नको — एवढंच म्हणा की ती विल्फकडं निघाली होती. कामाला. आत्ता म्हणा इथं, मी तुम्हाला पिशवी देतो, दारापर्यंत सोडतो.

— "तसं मला म्हणता येत नाही." बरं. कर खात्याला म्हणता येतं, तुम्हाला येत नाही.

हो, कर खात्याला! हसू येतं ना? ज्यांच्या नावानं अख्खा देश बोटं मोडतो ते. मीच केला तो अर्ज, ती गेल्यावर. मला वाटलं, तिनं मागितलं नाही, मी मागतो. तिनं कधी काही टिपून ठेवलं नव्हतं, पण पाळ्या फोनमध्ये होत्या, घरं मला माहीत होती. सायकल काढली आणि एकेक रस्ता मोजत फिरलो, सायकलच्या चाकाला तो आकडे दाखवणारा डबा असतो ना, तो लावून. पहिल्यांदा चुकलो. मी आमच्या घरापासून पहिल्या म्हातारीपर्यंतचे मैलही धरले होते. त्यांनी ते कापले. घरून पहिल्या घरी जाणं म्हणजे कामावर जाणं, ते आपल्या खर्चानं. पण एका घरून दुसऱ्या घरी जाणं — ते कामात जाणं. ते काम. असं लिहिलंय त्यांच्यात, साध्या भाषेत, मला एकदा वाचून कळलं म्हणजे बघा. मी चिडलो नाही. कापा म्हटलं. मला तर आनंद झाला, तुम्हाला काय सांगू, मी या इथं उभा राहून ओरडलो — काम! ते काम आहे!

मग शेवटचा दिवस आला. तिथं अडलो. कुठून — पेलबाई. कुठं — विल्फ टनर्ड. मैल किती? सात म्हणावं तर ती पोचली नाही. शून्य म्हणावं तर निघाली होती. मी फोन लावला त्यांना. ते संगीत, तासभर ते संगीत, आणि मग एक बाई आली, उत्तरेकडची असावी बोलण्यावरून, थकलेली. मी म्हटलं, अहो, प्रवास पुरा झाला नसेल तर काय लिहायचं? ती म्हणाली, गाडी बंद पडली का? मी म्हटलं, नाही, माणूस. ती म्हणाली, "जिथवर गेली तिथवर लिही, बाळा." बाळा म्हणाली. कर खातं! "ती कामाला निघाली होती ना? मग जिथवर गेली तिथवर ते कामच." मी मग बांधावर ती जागा मोजून आलो. अलीकडच्याच अंगाला, पुलाच्या आधी. पावणेतीन मैल. लिहिले. त्यांनी मान्य केले. पैसे आले थोडे, त्यात सायकलला दोन नवे टायर आले आणि ब्रेक, जुने पार गेले होते रोज त्या लाटांवरून —

रोज म्हणजे मोजायला जायचो तेव्हा. मोजायला.

मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्यांना मान्य आहे. त्यांना माझ्या बहिणीचं नावही उच्चारता येत नसेल, पण ते म्हणतात ती कामावर होती. आणि तुम्ही, ज्यांच्या बिल्ल्यावर तिचा फोटो आहे, ज्यांच्यासाठी ती नाताळच्या सकाळी पाच घरं करून आली आणि उभ्या उभ्या टर्की खाल्ली, तुम्ही हात झटकता. अहो, तुम्हाला लाज — नाही, जाऊ दे. तुम्ही स्वतः हे काम केलंय ना पूर्वी? जेमा सांगायची. लॉरेनला बरोबर कळतं म्हणायची, लॉरेननं स्वतः म्हातारी माणसं धुतलीत, ती बाकीच्यांसारखी नाही. विल्फही कालच म्हणत होता, ती लॉरेन फार पूर्वी यायची माझ्या बायकोसाठी, तिचे हात —

काल म्हणजे. मागं. मागं कधीतरी म्हणाला होता, जेमाला.

अशा बघू नका माझ्याकडं.

बरं. काल. हो, काल. आणि परवा, आणि त्याच्या आदल्या दिवशी. रोज. जातो मी. माझी रात्रपाळी असते, दुपारी झोप लागत नाही, मी काय छताकडं बघत बसू? मी जातो. — किल्ली कुठून? दाराशेजारी ती पेटी नाही का, आकडे फिरवून उघडायची, विल्फनंच आकडे सांगितले. म्हणाला, मला उठायला वेळ लागतो, तू आपला आत येत जा. चोरी नाही केली. त्याच्या घरात चोरण्यासारखं एक घड्याळ आहे, ते बंद आहे.

तुम्ही त्याचं जेवण तीनवर नेलंत, माहीत आहे का? जेमाच्या जागी बारा वाजता कुणी मिळेना म्हणून तीन. नव्वदीचा माणूस, साखरेच्या गोळ्या चालू, सकाळी सातला टोस्ट खाल्लेला, आणि जेवण तीनला! मी पहिल्यांदा गेलो ते नुसतं सांगायला गेलो होतो, की मी जेमाचा भाऊ. त्यानं दारातून बघितलं आणि म्हणाला, "बघून कळलं. तीही अशीच पाय आपटत यायची. केटली ठेव." मी केटली ठेवली. मग सूपचा डबा. मग हॅसलेटचं सँडविच, ती डुकराच्या मांसाची वडी त्याला कातडीसारखी पातळ कापलेली लागते, मला येत नाही, जाड होतं. म्हणतो, "तुझ्या बहिणीला सूप करता यायचं नाही, तुला तर डबासुद्धा उघडता येत नाही. तुमच्या आईनं शिकवलं काय तुम्हाला?" मी म्हटलं, आईनं नाही, जेमानंच शिकवलं. मग तो म्हणाला, "मीठ दे." बस. असं असतं. तासभर. त्याला सोडून मी परत येतो, बांधावरूनच येतो, आणि झोप लागते. त्यानंतरच लागते.

काय काढताय पिशवीतून? फोन? कुणाला लावताय? — अच्छा. नोंद. हो, नियम आहे तुमच्यात, ठाऊक आहे मला. बाहेरचा माणूस घरात शिरतोय असं कळलं की तिथल्या तिथं लिहायचं, नंतर नाही. जेमा लिहायची तशी. पेलबाईंच्या भाच्यानं पाकिटातून दहा पौंड काढले तेव्हा तिनं गाडीत बसून लिहिलं होतं. आणि आता तुम्ही माझ्यावर. वा! बहीण पाण्यात गेली तेव्हा नोंद करायला तुम्हाला दोन आठवडे लागले, आणि मी म्हाताऱ्याला सूप दिलं तर चहा संपायच्या आत! — माझा आवाज चढलाय? चढू दे. माझं घर आहे. — म्हणजे आता काय होणार? पेटीचे आकडे बदलणार. मला पत्र येणार. पोलीस? बरं, पोलीस नाही. पण मी जायचं नाही. उद्यापासून. आजही नाही?

आजही नाही.

लिहा. नाही, लिहा, लिहा, तुमचं काम आहे ते. मी अडवतोय का? काय काय विचारतंय ते? वाचा मोठ्यानं — नको, मीच बघतो, जरा इकडं करा. कोण. काइल, एवढंच पुरेल, आडनाव तिचंच. कुठं — विल्फ टनर्ड. केव्हा — दुपारी बारा. आणि हे काय खाली? "कारण". कारण.

थांबलात का?

लिहा ना, मॅडम. का जातो मी तिथं? चोरायला? मग तसं लिहा. हिंडायला? मला वेड लागलंय? लिहा, मी सही करतो. पण तुम्हाला माहीत आहे का जातो ते. मी आत्ता सांगितलं तुम्हाला, आणि तुम्ही ते ऐकलंत, आणि तुम्ही विल्फच्या बायकोला धुतलेल्या बाई आहात. बारालाच का? विल्फच का? पेलबाईंकडं का जात नाही मी, तीही एकटीच आहे? कारण पेलबाईंकडची भेट झाली होती. विल्फकडची व्हायची होती. लिहा तसं. खरं लिहा नाहीतर खोटं लिहा, पण आता तुमच्या हातानं लिहा, वकिलाच्या नको. मी बोलत नाही. हा बसलो. बोलत नाही.

...

झालं? बघू. — नाही, वाचतो मी, मला येतं, थांबा. "काइल याने... सांगितले की... त्याची बहीण... दिनांक... ज्या भेटीसाठी..." हे काय अक्षर आहे? हां. "ज्या भेटीसाठी कामावर असताना... निघाली होती... ती भेट... तो..."

"कामावर असताना" हे मी नव्हतं सांगितलं. हे तुम्ही घातलंत.

... बरं.

पुढचं नाही वाचत मी. पाठवा. दाबा ते. इथूनच दाबा, गाडीत जाऊन नाही, इथं, मला दिसू दे. गेलं? नक्की गेलं? — नाही, काही बोलू नका तुम्ही. तुमची नोकरी जाईल की राहील ते मला ठाऊक नाही, आणि आज मला त्याचं काही वाटतही नाही, उद्या वाटेल कदाचित. फक्त विल्फचं बघा. बाराला माणूस द्या त्याला, तीनला नको. आणि जो कुणी जाईल त्याला सांगा, हॅसलेट पातळ कापायचं. आज मात्र तुम्हीच जा, मला बंदी ना? मग तुम्ही जा, तो खिडकीशी बसला असेल. ही पिशवी घ्या. उठा, उशीर होईल. पूल वर आहे, पंपघराशी. आणि हळू चालवा.

जा.